प्रवेश न घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

अकरावीला आपण कुठे जाणार हे प्रीती डोळसला बदलापुरात, बेलवलीच्या नाक्यावर कळलं. गिरणीतून दळण घेऊन येत होती, पिठाचा डबा कमरेवर. सहज मान वर केली, तर वरून तीच खाली बघत होती. फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा, त्यामुळे चेहरा नुकतंच कॉपी करताना पकडल्यासारखा. शेजारी हात जोडून उभे होते हिंदुराव घोरपडे, प्रीतीच्या चौपट आकारात. आणि मधोमध सोनेरी अक्षरं:

'बेलवलीची शान, भावी आयआयटीयन कु. प्रीती महेंद्र डोळस हिची लक्ष्यभेद अकॅडमीच्या ॲडव्हान्स्ड इंटिग्रेटेड बॅचमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : भावी नगरसेवक मा. हिंदुराव घोरपडे.'

म्हणजे फ्लेक्सवर दोघंही भावी होते. हिंदुरावांना त्याची सवय होती. ते गेल्या तीन निवडणुका भावीच होते. प्रीतीला मात्र डबा खाली ठेवावा लागला.

बदलापुरात एखादी गोष्ट घडली की नाही यावर दोन मतं असू शकतात. पण तिचा फ्लेक्स लागला की वाद मिटतो. नाक्यावरून घरी येईपर्यंत प्रीतीचं सहा जणांनी अभिनंदन केलं आणि सातव्याने आपल्या मुलासाठी जुन्या नोट्स मागितल्या.

"मी हो म्हटलंच नव्हतं," दारातूनच ती ओरडली.

"मग नाही तरी कुठे म्हटलं होतंस?" आई आतून म्हणाली. शीलाताईंचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं.

झालं होतं ते असं. दहावीचा निकाल लागला, प्रीतीला पंच्याण्णव टक्के पडले, आणि लक्ष्यभेदच्या परीक्षेत ती पहिली आली. पहिल्या नंबराला फी पूर्ण माफ. मग आठवड्यापूर्वी महेंद्ररावांनी स्कूटर काढली आणि तिघंजण अंबरनाथवरून उल्हासनगर कॅम्प एकला समुपदेशनासाठी गेले. खाली साड्यांचं होलसेल दुकान, वर लक्ष्यभेद. एसी इतका की महेंद्ररावांनी खिशातला रुमाल काढून मानेला गुंडाळला. समुपदेशक पुष्कर सर वयाने लहान, पण कोट घातलेला.

इंटिग्रेटेड म्हणजे काय, ते पुष्कर सरांनी फार सोपं करून सांगितलं. अकरावी-बारावी पूर्वी कॉलेजात होत असे. आता ती क्लासमध्ये होते, आणि कॉलेजात तिची नुसती नोंद असते. जसा माणूस राहतो उल्हासनगरला आणि रेशनकार्ड असतं गावाला. सकाळी सात ते संध्याकाळी सात क्लास. कॉलेजचं तोंड बघायचं ते बारावीच्या परीक्षेला.

"एनी डाऊट्स, बेटा?"

"सर, लॅब कुठाय?"

"कसली लॅब?"

"केमिस्ट्रीची."

पुष्कर सर हसले. "अगं, प्रॅक्टिकलचं टेन्शन घ्यायचंच नाही. टाय-अप कॉलेज आहे ना आपलं. ते होऊन जातं."

"होऊन जातं म्हणजे कोण करतं?"

"कोणी करावं लागत नाही. जर्नल तयार मिळतं. तीसपैकी तीस मार्क."

"न करता?"

"करणाऱ्यांना सव्वीस मिळतात," पुष्कर सर अभिमानाने म्हणाले.

शीलाताईंनी प्रीतीच्या पायावर चप्पल ठेवली, म्हणून तो विषय तिथे थांबला. प्रीती गप्प बसली, ती विचार करायला. पण मुलगी गप्प बसली की तिचा होकार धरायचा ही आपल्याकडची जुनी रीत. पुष्कर सरांनी तो धरला आणि हिंदुरावांना फोन केला, कारण लक्ष्यभेदच्या जाहिराती आणि हिंदुरावांच्या शुभेच्छा एकाच ठिकाणी छापल्या जात.

आता लॅबचं एवढं काय, असं कोणीही विचारील. घरातले सगळे विचारतच होते. महेंद्रराव अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांवरून आज कुठली ऑर्डर चालू आहे ते घरात कळायचं. प्रीती सहा वर्षांची असताना तिने पप्पांचे जांभळे हात साबणाने, राखेने आणि शेवटी आईच्या नव्या क्रीमने घासून पाहिले होते. रंग जात का नाही, असं विचारल्यावर महेंद्रराव म्हणाले होते, "साहेबाला माहीत." तेव्हापासून तिला साहेबाला जे माहीत होतं ते हवं होतं. शाळेत लॅब होती, पण तिच्या कपाटाला काच होती आणि काचेला कुलूप. सरांनी परीक्षानळी दाखवली ती दुरून, पाहुण्यांना दागिना दाखवतात तशी.

संध्याकाळी धोंडिबा तात्या पेढे घेऊन आले. बुद्धविहाराच्या कमिटीत तात्या सगळ्यात जुने. गेल्या पन्नास वर्षांत वस्तीतला कुठलाही मुलगा दहावी पास झाला की तात्या त्याला पुढे काय करायचं ते सांगत, आणि मुलगा काय करायचं ते करी.

"आपल्या विहारातून पहिली आयआयटी," तात्या म्हणाले. "पोरी, माझा बाप शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसून शिकला. मास्तर पाटीसुद्धा लांबून तपासायचा. आणि तुला एसीत बोलावून, फुकट बसवतायत."

"तात्या, तुमच्या वडिलांचं नाव हजेरीत होतं?"

"होतं तर."

"म्हणजे नाव आत, माणूस बाहेर. माझंही तेच होणार. नाव कॉलेजात, मी बाहेर. मग एवढ्या वर्षांत बदललं काय?"

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. एरवी ते असल्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी दुसरा पेढाही तोंडात टाकला.

"जीभ बघितली?" तात्या गेल्यावर शीलाताई कडाडल्या. "मोठ्या माणसाला असं बोलतात? आमचे शेठ काय म्हणतात माहितीये? मुफ्त का माल चेक नहीं करने का!"

शीलाताई उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होत्या. दिवसभर पँटा उलटसुलट करून त्या शिवणीतली चूक पकडत. कारखान्यातले कारागीर त्यांना यमापेक्षा जास्त घाबरत. यम एकदाच येतो.

"आई, तुझ्या टेबलावर न शिवलेलं नुसतं कापड आलं, आणि त्याला पासचं लेबल आधीच लावलेलं असलं, तर?"

"तर काय? फेकीन त्याच्या तोंडावर."

"मग?"

"मग काय मग? पँटीचं वेगळं, पोरीचं वेगळं." पण हे बोलताना शीलाताई भाजी ढवळायच्या थांबल्या होत्या. त्या दिवशी वांगी खाली लागली.

दुसऱ्या दिवशी प्रीती हिंदुरावांच्या संपर्क कार्यालयात गेली. तिथे संपर्कासाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. हिंदुराव पाचवीत होते.

"काका, तो फ्लेक्स काढा."

"का गं? फोटो चांगला नाही आला?"

"मी तिथं ॲडमिशन घेत नाहीये."

हिंदुरावांना प्रश्नच कळेना. "अगं मग घे ना! फ्लेक्स तर लागलाय."

"आधी ॲडमिशन, मग फ्लेक्स असं असतं ना काका?"

"कोण म्हणतं? नाल्यावरच्या पुलाचा फ्लेक्स पुलाच्या आधी दोन वर्षं लागला होता. आधी श्रेय, मग काम. प्रॅक्टिकल विचार कर जरा."

"त्याचसाठी भांडतेय," प्रीती म्हणाली. हिंदुरावांनी ते ऐकलं नाही, कारण त्यांचा फोन वाजला होता. फोनवर ते कुणाच्या तरी बारशाला शुभेच्छा देऊ लागले. पोर भावी काय होणार, ते ठरवायला त्यांना फार वेळ लागत नसे.

तिथून प्रीती सरळ घरी आली असती, तर आईवडिलांचा पुढचा सगळा मनस्ताप वाचला असता. पण संपर्क कार्यालयाच्या शेजारीच तुषारचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. तुषार म्हणजे बेलवलीचा इतिहासकार. कोण जन्मलं, कोण वारलं आणि कोण कुठल्या पक्षातून कुठे गेलं, हे सगळं त्याच्या मशिनीतून बाहेर यायचं. प्रीतीने दहावीच्या निकालावर मिळालेली बक्षिसाची पाकिटं त्याच्या टेबलावर ठेवली आणि मजकूर सांगितला. तुषारने तो टाइप केला. मग वाचला. मग खुर्ची मागे सरकवली.

"ताई, हे 'न घेतल्याबद्दल' असंच पाहिजे?"

"असंच."

"तो 'न' जरा बारीक टाकू का? लांबून दिसणार नाही. तुझंही काम होईल, त्यांचंही."

"मोठा टाका, तुषारदादा. आणि लाल."

"शुभेच्छुक कोण? शुभेच्छुकाशिवाय फ्लेक्स होत नाही. बॅलन्स जातो."

"मीच."

तुषारने आयुष्यात बऱ्याच लोकांचे स्वतःच स्वतःला दिलेले शुभेच्छा-फ्लेक्स छापले होते; पण ते मित्रमंडळाच्या नावाने असत. इतका उघड प्रामाणिकपणा त्याने पहिल्यांदा पाहिला. त्याने पाकिटांतलं एक परत केलं.

सकाळी बेलवली जागी झाली तेव्हा हिंदुरावांच्या जोडलेल्या हातांच्या बरोबर खाली दुसरा फ्लेक्स होता. 'कु. प्रीती महेंद्र डोळस हिने लक्ष्यभेद अकॅडमीच्या ॲडव्हान्स्ड इंटिग्रेटेड बॅचमध्ये प्रवेश न घेतल्याबद्दल तिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : प्रीती डोळस (स्वतः).'

निम्म्या लोकांनी सवयीने न वाचताच पुन्हा अभिनंदन केलं. उरलेल्यांनी फोटो काढले. दहा वाजेपर्यंत तो फोटो कुळगावातून अंबरनाथला आणि तिथून शीलाताईंच्या शेठच्या मोबाईलवर पोचला. शेठनी तो चष्मा लावून वाचला आणि ते म्हणाले, "शीलाबेन, तुम्हारी लडकी ने तो माल रिटर्न कर दिया."

बारा वाजता पालिकेची गाडी आली. नाक्यावरच्या एकवीस बेकायदा फ्लेक्सांपैकी एक तिने उतरवला. उरलेल्या विसांना परवानगी होती असं नाही. त्यांना हिंदुराव होते.

संध्याकाळी डोळसांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणजे दोनच पाहुणे आले होते, पण त्यातले एक हिंदुराव होते. दुसरे पुष्कर सर, कोटासकट. ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज लॉक करायचा तो शेवटचा दिवस होता. पसंतीचं पहिलं कॉलेज एकदा लॉक केलं की ब्रह्मदेवालाही ते उघडता येत नाही, आणि ब्रह्मदेवाचा लॉगिन नाहीच मुळात.

"साहेब," पुष्कर सर महेंद्ररावांना म्हणाले, "मुलगी लहान आहे. गुस्सा येतो या वयात. फ्लेक्सचं मी मनावर घेत नाही. फक्त आमच्या टाय-अप कॉलेजचा नंबर पहिला टाकायचा. तुम्ही काही करू नका. आमची टीम बाहेर गाडीत बसलीये लॅपटॉप घेऊन. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा. बस."

"महेंद्रा, इज्जतीचा प्रश्न आहे," हिंदुराव म्हणाले. कुणाच्या ते त्यांनी सांगितलं नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," पुष्कर सरांनी आवाज मऊ केला, "रेग्युलर कॉलेजमधून, क्लासशिवाय, कोणी सिलेक्ट होत नाही. कोणीच नाही. दोन वर्षांनी रडत आलात तर ही सीट नसेल."

प्रीती आतल्या खोलीत आईचा मोबाईल घेऊन बसली होती. हे वाक्य तिला लागलं, कारण ते बहुधा खरं होतं. रात्रभर तिने हाच विचार केला होता. क्लासच्या पोरी तिच्या पुढे जातील. तात्या पेढे परत मागणार नाहीत, पण विहारात मान फिरवतील. आणि आई काही बोलणार नाही, जे सगळ्यात वाईट. तिचा अंगठा 'लॉक'च्या बटणावर होता. पहिल्या क्रमांकावर अंबरनाथमधल्या एका जुन्या कॉलेजचं नाव होतं. तिथली लॅब मोठी आहे असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. तेवढंच तिला त्याबद्दल माहीत होतं.

'पडेन,' ती मनाशी म्हणाली, 'पण माझ्या हाताने पडेन.' आणि बटण दाबलं.

बाहेर महेंद्ररावांच्या खिशात टिंग झालं.

"आला!" पुष्कर सर उठले. आपल्याच टीमचा आला असं त्यांना वाटलं. "सांगा साहेब."

महेंद्ररावांनी मोबाईल काढला. या माणसाने आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. कारखान्यात ओव्हरटाइमला हो, विहारात वर्गणीला हो, हिंदुरावांच्या सभेत खुर्च्या मांडायला हो. ओटीपीचं तर विचारूच नका. मागे एकदा बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एका गोड माणसाला त्यांनी तो दोनदा सांगितला होता, पहिल्यांदा नीट ऐकू गेला नाही म्हणून.

त्यांनी चष्मा लावला. आकडे वाचले. मग पुष्कर सरांकडे बघितलं, हिंदुरावांकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"सर, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो."

"काय?"

"बँकेचा मेसेज येतो ना रोज. बँक कर्मचाऱ्यालासुद्धा सांगू नका म्हणतात."

"अहो पप्पा, मी बँकवाला आहे का?" पुष्कर सर कावले. घाईत त्यांनी महेंद्ररावांशी नातंही जोडून टाकलं.

"नाही ना. मग तर नाहीच."

"महेंद्रा!" हिंदुराव अर्धवट उठले. "मी तुझ्या पोरीचा फ्लेक्स लावला!"

"हो साहेब," महेंद्रराव सवयीने म्हणाले. मग थोडं थांबून, तितक्याच नम्रपणे, "तो उतरवा, साहेब."

महेंद्ररावांना स्वतःलाच हे कोण बोललं ते कळेना. त्यांनी एकदा मागे वळूनही बघितलं. मागे शीलाताई उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. ट्रेमध्ये पाहुण्यांसाठी दोन कप होते.

"बघत काय बसलात?" त्या नवऱ्यावर खेकसल्या. "आत नेऊन द्या तिला. एक्स्पायर होईल तो!" आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरात परत गेल्या. चहा दोघी मायलेकींनी घेतला.

कॉलेज सुरू झालं तेव्हा अकरावी सायन्सच्या यादीत एकशे वीस नावं होती. प्रीती पहिल्यांदा वर्गात गेली तर बाकांवर धूळ होती आणि फळ्यावर गेल्या वर्षीची तारीख. तिने शिपायाला विचारलं, "दादा, बाकीचे कुठेत?"

"बाकीचे क्लासमध्ये. आपलं पण टाय-अप झालंय ना औंदापासून. तू कशी आलीस?"

प्रीती बाकावर बसली. एवढं भांडून, एवढा लाल 'न' छापून, तिने त्याच दुकानाचं मागचं दार निवडलं होतं. घरी हे सांगायचं तर हिंदुराव आणखी एक फ्लेक्स लावतील. तिने दप्तर उचललं आणि ती लॅब शोधायला निघाली.

केमिस्ट्रीच्या लॅबला कुलूप होतं. कुलपाखाली, पायरीवर, एक मुलगी डबा उघडून भाकरी खात बसली होती. तिचं नाव जिजा. बारवी धरणाच्या वरच्या पाड्यावरची.

"लॅब बंद आहे?"

"बंदच हाय. म्यां परवापासनं येतंय. कोन नाय."

"मग रोज कशाला येतेस?"

जिजाने तिच्याकडे, हा काय प्रश्न झाला, असं पाहिलं. "नाव घातलंय ना बापानं. भातलावनी टाकून आलंय. येऊ नको तं काय करू? आमच्याकडं क्लास नाय नं काय नाय." तिने भाकरीचा तुकडा पुढे केला. "खा. तू पन बसनार ना?"

"बसणार नाही," प्रीती म्हणाली, पण भाकरी घेतली. "चल."

दोघी स्टाफरूममध्ये गेल्या. तिथे वेणू मॅडम, केमिस्ट्रीच्या, पेपर वाचत होत्या. पंचवीस वर्षं शिकवल्यावर यंदा त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, आणि पगार चालू असल्याने तक्रारीला जागा नव्हती. दारात दोन मुली बघून त्यांना वाटलं वर्गणी मागायला आल्यात.

"काय पाहिजे?"

"प्रॅक्टिकल."

"कुणाचं?"

"आमचं."

मॅडमनी पेपरची घडी घातली. "तुम्ही टाय-अपच्या नाही?"

"रेग्युलर," प्रीती म्हणाली.

"रेग्युलर," मॅडम हळूच म्हणाल्या, लहानपणी सोडलेल्या गावाचं नाव कोणी घेतल्यासारखं. "दोघीच?"

"दोघी."

"दोघींसाठी ॲसिड काढायचं? बर्नर लावायचे? रजिस्टर, साफसफाई, सगळं?"

"हो," प्रीती म्हणाली. "नाही काढलंत तर उद्या येऊ. परवा येऊ. रोज येऊन पायरीवर बसू. आणि बसून काय करतोय असं कोणी विचारलं, तर खरं सांगू. मला फ्लेक्स छापता येतो."

वेणू मॅडमनी त्या फ्लेक्सचा फोटो पाहिला होता. त्यांच्या बहिणीने पाठवला होता. त्यांनी चष्म्यातून प्रीतीकडे एकदा नीट बघितलं, मग कपाटातून पिवळा पडलेला पांढरा कोट काढला, झटकला, आणि लॅबकडे चालू लागल्या. चालता चालता त्यांचा वेग वाढत गेला. मुलींना मागे पळावं लागलं.

शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. एकही किल्ली लागेना. "मॅडम, याची चावी ऑफिसात कोणी ठेवलीच नाही. उद्या बघतो. नाहीतर सोमवारी."

"हातोडा आहे?"

"आहे, पण..." शिपाई घाबरला. "कुलूप कोणी तोडलं म्हणून वर विचारतील. काय सांगू?"

मॅडम कोटाच्या बाह्या वर सारत होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या, "विद्यार्थी आले होते."